एक काना

घणसोलीच्या शाखेत साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली
एक लग्नपत्रिका आहे, मागच्या वैशाखातली.
पाचव्या खेपेला ती मला पाठ झाली,
मामांची नावं, मुहूर्ताची मिनिटं,
'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी दोन चिमुरडी.
साहेब फाइल उलटी वाचतात, शेवटच्या पानापासून.

मी गास्केट करते.
रबाळ्यात भाड्याचा गाळा, एक हातप्रेस, दोन पोरी कामाला.
पंपाच्या तोंडाशी बसते ती रबराची चकती,
दोन लोखंडांच्या मधे.
बसली की दिसत नाही.
नसली की अख्खी कंपनी ओरडत फोन करते.
मला पॉवर प्रेस हवाय. चार लाख ऐंशी हजार, वर जीएसटी.

"मालक नाही आले?"
साहेब वाईट नाहीत. माझ्यासाठी पाणी मागवतात.
मालक महापेला माल द्यायला गेलेत, मी सांगते
आणि सांगतानाच कळतं, घोळ मीच केला.
लग्नापासून जनार्दनला मी मालकच म्हणत आले,
त्याची कंपनी बंद पडली, तो माझ्या चकत्या स्कूटरवर बांधू लागला,
तरी मालकच.
मालकीण म्हणावं तर ती मालकाची बायको.
उद्योजिका म्हणून एक शब्द आहे, तो आठ मार्चला
चौकात बॅनरवर चढतो. नऊला उतरवतात.

"जामीनदार लागेल. पुरुष. म्हणजे, मिळकत असलेला."
कुठं लिहिलंय, साहेब?
ते शोधतात. खरंच शोधतात, चष्मा कपाळावर सरकवून,
तीन परिपत्रकं, एक जुनी वही.
"लिहिलेलं नाहीये. पद्धत आहे."
लिहिलेलं असतं तर मी त्यावर बोट तरी ठेवलं असतं.

जमीन आणि जामीन.
एका कान्याचं अंतर.
जमीन होती आमची, गोठिवलीला, खाडीपर्यंत भात.
सिडकोनं घेतली. साडेबारा टक्के परत आले
तोवर बाबा गेले होते.
हरेश्वरदादा हक्कसोडपत्र घेऊन आला.
मी सही केली. अंगठा नाही, सही,
आणि सहीखाली रेघ ओढली, त्याचा केवढा तोरा!
बदल्यात हिरवी साडी आणि माहेर.
त्या माहेरावर आता पाच मजले चढलेत.

परवा गेले होते. वहिनीनं मांदेली तळली होती.
दादा म्हणाला, "काय गो बाय, सही करतू ना.
पन भागीदार म्हनून माजा नाव टाक."
मी आणखी दोन मांदेल्या घेतल्या.
काट्यांसकट खाल्ल्या.

शेवटी कोपरखैरण्यात सोनं ठेवलं.
काचेमागच्या पोरानं मालक विचारला नाही.
ठुशी, बांगड्या, मग मंगळसूत्र काट्यावर घातलं,
काळे मणी वजा केले,
वाट्या घासून पाहिल्या, आकडा टाइप केला.
व्याज बँकेच्या दुप्पट. सही तीन ठिकाणी.
जनार्दन बाहेर स्कूटरवर बसून होता.
"किती झालो गो मी?"
आकडा सांगितला. हसलो दोघं,
सिग्नलपर्यंत. पुढं कुणी बोललं नाही.

त्यात जुना प्रेस आला, अंबरनाथहून, टेम्पोत आडवा.
चालतो. दर पाच तारखेच्या आधी जास्त आवाज करतो
असं मला वाटतं.

वाशीला शिक्का करायला टाकला.
"नावाखाली काय? मालकीण?"
मालक.
त्यानं मान वर केली. "मग नाव चुकलंय का, मॅडम?"
नाव बरोबर आहे.

आज मिळाला. वीजबिलाच्या पाठीवर पहिला ठसा मारला:
सुगंधा ज. मढवी,
खाली
मलक.
काना उमटलाच नव्हता.
पॅडवर दोन थेंब शाई सोडली
आणि पुन्हा दाबला, दोन्ही हातांनी,
हातप्रेस दाबायचे तसा.